हंगामी खुर्ची ते राष्ट्रीय संघ : खालिद जमील यांची कारकीर्द

(प्रस्तावना)

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं पुरुषांच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांचं नाव जाहीर केलं. या जागेसाठी १७० अर्ज आले होते. शेवटच्या तिघांत इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन होते, ज्यांनी भारतीय संघ याआधी दोन वेळा सांभाळला होता. स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक स्टेफान टार्कोविच होते. आणि तिसरे मुंबईच्या मैदानांवर घडलेले जमील. भारतीय माणसाकडे हे पद जाण्याची २०१२ नंतरची ही पहिलीच वेळ. मधल्या तेरा वर्षांत एक डच, एक इंग्रज, एक क्रोएशियन आणि एक स्पॅनिश प्रशिक्षक येऊन गेले होते.

वर्ध्यात बसून या माणसावर पुस्तक कशाला, असं लेखकाला अनेकांनी विचारलं असणार. प्रस्तावना लिहायचं कबूल केल्यावर मलाही विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात व्यावसायिक क्लब नाही. फुटबॉलचं वेड पाहायचं तर नागपूर नाहीतर कामठी गाठावी लागते. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पावसाळ्यातल्या शालेय स्पर्धा. जुलै-ऑगस्टात सुब्रोतो चषकाचे तालुका आणि जिल्हा पातळीवरचे सामने होतात, जिंकलेला संघ विभागाला नागपूरला जातो, आणि तिथं हरून संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत येतो. मैदान काळ्या मातीचं. पावसात ती बुटाला किलोकिलोनं चिकटते आणि मार्चनंतर तिला अशा भेगा पडतात की पाय मुरगळायला वेळ लागत नाही. त्यातही क्रिकेटच्या खेळपट्टीवर पाय द्यायचा नाही ही ताकीद असतेच.

अशा मैदानावर मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो. संघ पाडायला उभं राहिलं की प्रत्येक पोट्टा एकच मागणं मागतो : "सर, मले समोर खेळवा न जी, मधात नको." समोर गोल असतो, गोल मारला की नाव असतं. मधात नुसती धाव असते. मधल्या फळीत खेळणाऱ्याला कुठला चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखावं लागतं. बचावाच्या मदतीला मागं यायचं, चेंडू मिळाला की पुढच्याला द्यायचा, आणि दिल्यानंतर कुणी आपल्याकडे पाहत नसताना पुन्हा योग्य जागी जाऊन उभं राहायचं. प्रेक्षकांना यातलं फारसं दिसत नाही. त्याच्या सहकाऱ्यांना मात्र दिसतं, आणि तो नसला की पहिल्या दहा मिनिटांत दिसतं.

खालिद जमील या 'मधात' खेळणाऱ्यांपैकी. या पुस्तकाचा विषय असा खेळाडू आहे, ज्याची खेळाडू म्हणून ओळख दुखापतींनी अर्धवट ठेवली आणि ज्यानं ती ओळख प्रशिक्षक म्हणून पुरी केली. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीत आणखी एक धागा आहे, आणि तो वाचकानं हातात धरून पुढची पानं वाचावीत. आपल्या देशात भारतीय प्रशिक्षकाला खुर्ची मिळते ती बहुतेक वेळा हंगामी. परदेशी माणूस गेला, दुसरा येईपर्यंत तुम्ही बघा. जमील यांनी त्या हंगामी खुर्चीतच इतकं काम करून दाखवलं की ती कायम करण्यावाचून इतरांना इलाज उरला नाही.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ चा, कुवेतचा. आईवडील भारतीय. फ्रान्सचा मिशेल प्लातिनी हे त्या मुलाचं दैवत. तोही मधल्या फळीतलाच, आणि कुवेतमधल्या मुलांच्या एका शिबिरात त्याला भेटण्याची संधीही या मुलाला मिळाली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेतवर आक्रमण केलं. तिथल्या लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावं लागलं. त्या उलथापालथीनंतर जमील कुटुंब भारतात आलं, आणि खालिद मुंबईच्या फुटबॉलचे झाले. ते मराठी घरात जन्मलेले नाहीत, पण त्यांचा खेळ महाराष्ट्रात घडला, त्यांचे पहिले क्लब महाराष्ट्रातले, पहिलं प्रशिक्षकपद महाराष्ट्रातलं. त्यांच्यावर मराठीत पुस्तक यायला उशीरच झाला आहे.

मुंबईचं ते फुटबॉल कसं होतं, हे आज विशीत असलेल्या वाचकाला सांगावं लागेल. मुंबईत फुटबॉल कंपन्या आणि सरकारी खाती चालवत होती. महिंद्रा, मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, रेल्वे, बँका असे संघ होते. हारवूड लीग, कूपरेजचं मैदान आणि १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक हा त्या शहराचा फुटबॉलचा संसार. खेळाडूला नोकरी किंवा करार मिळे आणि त्याच्या जोरावर तो खेळे. आपल्या हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्या ज्यांनी चालू असताना पाहिल्या त्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसल्या आणि गिरण्यांचे संघही हळूहळू गेले. जमील आले तेव्हा त्या संसाराची उतरण सुरू झाली होती. त्यांनी १९९७ मध्ये महिंद्रा युनायटेडकडून सुरुवात केली, पुढच्याच वर्षी ते एअर इंडियाकडे गेले, २००२ मध्ये पुन्हा महिंद्राकडे आले. राष्ट्रीय संघाची जर्सीही याच काळात अंगावर चढली.

इथं एक प्रसंग आहे, जो वर्धा जिल्ह्याच्या वाचकानं दोनदा वाचावा अशी माझी इच्छा आहे.

१९९८ साली कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांशी, मोहन बागान आणि ईस्ट बंगालशी, एका मद्य उद्योगसमूहानं करार केला. दोन्ही संघांच्या नावाआधी दारूच्या ब्रँडची नावं लागली. त्या दिवसांत भारतातल्या कुठल्याही फुटबॉलपटूला कोलकात्याहून निरोप आला तर तो पहिल्या गाडीनं निघे. पैसा तिथं, प्रेक्षक तिथं, वर्तमानपत्रांची पानं तिथं. जमील यांनाही बोलावणं आलं. त्यांनी नाही म्हटलं. कारण सरळ होतं : दारूचं नाव छातीवर घेऊन खेळणं त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. मुंबईत राहून मिळेल त्यात खेळायचं त्यांनी ठरवलं.

गांधीजींच्या सेवाग्राममुळे आपल्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते, कुणाच्या आशीर्वादानं मोडली जाते, हे आपल्याला रोज दिसतं. एखादी गोष्ट कायद्यानं बंद असणं आणि एखाद्या तरुणानं भरल्या कारकिर्दीत स्वतःहून तिला नकार देणं यातलं अंतर आपल्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारी गाडी वर्ध्यावरूनच जाते. फुटबॉलची दोन शहरं त्या रुळांनी जोडलेली आहेत, आणि कितीतरी खेळाडू नशीब काढायला त्या रुळांवरून पूर्वेला गेले असतील. ज्यानं जायचं नाकारलं, त्याच्याबद्दल मला अधिक आदर वाटतो. पुढे अनेक वर्षांनी जमील या दोन्ही क्लबांत गेले, प्रशिक्षक म्हणून गेले. लेखकानं या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवल्या आहेत आणि त्यांच्यावर स्वतःचा निकाल दिलेला नाही. मला ते योग्य वाटतं.

२००५-०६ च्या हंगामात महिंद्रा युनायटेडनं राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. महाराष्ट्रातल्या क्लबनं देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. जमील त्या संघात होते, पण दुखापतींमुळे मैदानावर मात्र फारसे नव्हते. खेळाडूच्या आयुष्यात यापेक्षा कडू गोष्ट कमी असते. ज्या संघासाठी घाम गाळला तो शिखरावर पोचतो, तेव्हा आपण साध्या कपड्यांत कडेला उभे असतो. २००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब निघाला. इंग्लंडचे डेव्हिड बूथ त्याचे प्रशिक्षक झाले आणि जमील तिथं खेळाडू म्हणून गेले. शरीरानं साथ दिली नाही. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचं खेळणं थांबलं.

ज्या क्लबात खेळणं थांबलं त्याच क्लबानं त्यांना आधी एकोणीस वर्षांखालील मुलं दिली आणि लगेच मुख्य संघ दिला. आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, त्या वेळी इतका तरुण प्रशिक्षक दुसरा नव्हता. पुढची सात वर्षं त्यांनी मुंबई एफसी सांभाळली. या सात वर्षांबद्दल फुटबॉलच्या इतिहासात एखादं वाक्य सापडेल, तेही नसेल. एकही चषक नाही. पैसा बेताचा. कूपरेजच्या मैदानाचं काम निघालं तेव्हा नाव मुंबई आणि घरचे सामने पुण्यात बालेवाडीला, अशी अवस्था. दरवर्षी हंगामाच्या शेवटी तळातून वर यायची धडपड, आणि दरवर्षी संघ वाचलेला. सात वर्षांत एकदाही क्लब खालच्या श्रेणीत गेला नाही.

माझ्या लेखी जमील यांच्या प्रशिक्षणाची शाळा हीच. चांगला खेळाडू विकत घेता येत नाही तेव्हा असलेल्याचं काय करायचं, हे इथं शिकावं लागतं. त्यांचे संघ तेव्हापासून एका ठरावीक पद्धतीनं खेळतात. दोन फळ्यांमधलं अंतर कमी, मधली जागा बंद, प्रतिस्पर्ध्याला कडेनं खेळायला भाग पाडायचं, चेंडू मिळाला की आडवेतिडवे पास न करता थेट पुढे. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो यांच्यावर भरपूर मेहनत. चेंडू किती टक्के वेळ आपल्याकडे होता, या आकड्यात त्यांचे संघ बहुधा मागं असतात. काही जाणकारांना हा खेळ रुचत नाही, तो बचावात्मक वाटतो. मला त्यात मधल्या फळीत खेळलेल्या माणसाची नजर दिसते. मैदानाचा मधला भाग उघडा पडला की काय होतं, हे ज्यानं स्वतःच्या पायांनी अनुभवलेलं असतं, तो ती दारं आधी लावतो.

२०१६ मध्ये क्लबनं त्यांना निरोप दिला. त्याच सुमारास मिझोरममधून बोलावणं आलं.

ऐजॉल एफसीची स्थिती तेव्हा विचित्र होती. २०१५-१६ च्या आय-लीगमधून हा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून माघार घेतली, जागा रिकामी झाली, म्हणून ऐजॉलला परत घेतलं गेलं. थोडक्यात, हा क्लबच हंगामी खुर्चीवर बसलेला होता. जमील यांनी सोबत मुंबईची दोन मुलं नेली, जयेश राणे आणि आशुतोष मेहता, दोघंही मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले. गोलरक्षक गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान. बाकी मिझो पोरं, डोंगरउतारावर वाढलेली, दमायचं नाव न घेणारी.

या प्रकरणावर लेखकानं सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत आणि ती वाया गेलेली नाहीत. त्यातले दोन सामने मी इथंही सांगतो, कारण त्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

२२ एप्रिल २०१७, ऐजॉल. समोर मोहन बागान. दोन्ही संघांचे गुण सारखे. सामना शून्य-शून्यवर अडकलेला, स्टेडियम खच्चून भरलेलं. सामना संपायला काही मिनिटं उरलेली असताना झोहमिंगलियाना राल्टे या बचावपटूनं हेडर मारून चेंडू जाळ्यात घातला. १-० नं विजय. आता शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरेशी होती.

३० एप्रिल, शिलाँग. समोर शिलाँग लाजोंग, म्हणजे ईशान्येतल्याच दुसऱ्या राज्याचा संघ. नवव्या मिनिटाला लाजोंगच्या दिपांदा दिकानं गोल केला. त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागानचा शेवटचा सामना चालू होता आणि ते जिंकणार अशी सगळी चिन्हं होती. मध्यंतर झालं तरी ऐजॉल एका गोलनं मागंच. ज्यांनी मुलांचे संघ सांभाळले आहेत त्यांना ही पंधरा मिनिटं काय असतात ते माहीत आहे. ओरडलं तर पोरं आवळून जातात, गप्प बसलं तर सैल होतात. जमील बोलायला फार थोडके. सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदांत त्यांची उत्तरं एका-दोन वाक्यांत संपतात, आणि त्यातलं एक वाक्य श्रेय खेळाडूंचं असतं. मैदानाच्या कडेला मात्र ते एका जागी उभे राहू शकत नाहीत. दुसऱ्या अर्ध्यात ऐजॉलनं खेळ बदलला नाही, घाई केली नाही. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं गोल केला. १-१. उरलेला वेळ त्यांनी काढला. ऐजॉलचे १८ सामन्यांत ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातल्या क्लबनं देशाची लीग जिंकण्याची ती पहिली वेळ होती, आणि तो क्लब वर्षापूर्वी खाली ढकलला गेलेला होता.

त्याच हंगामात, त्याच लीगच्या तळाशी, मुंबई एफसी होता. सात वर्षं जो माणूस त्याला वाचवत होता तो तिथं नव्हता. क्लब खालच्या श्रेणीत गेला आणि नंतर बंदच झाला. महिंद्रा युनायटेड २०१० मध्येच बंद झाला होता. जमील यांच्या तरुणपणाचे महाराष्ट्रातले क्लब असे एकेक करून मिटले. आपल्या राज्यात फुटबॉलवर बोलताना इंग्लंड-स्पेनच्या क्लबांवर तासन्‌तास चर्चा होते. या बंद पडलेल्या क्लबांबद्दल कुणी हळहळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढची कोलकात्याची दोन वर्षं मी भराभर ओलांडतो. आधी ईस्ट बंगाल, मग २०१९ च्या सुरुवातीला मोहन बागान. दोन्हीकडे अपेक्षांचं ओझं, दोन्हीकडे मुक्काम थोडा. मोठ्या क्लबांत त्यांना जे जमलं नाही त्याची कारणमीमांसा लेखकानं केली आहे, ती वाचकानं तपासून घ्यावी. मला ती थोडी पक्षपाती वाटली.

मग आली इंडियन सुपर लीग (आयएसएल). २०१४ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून मुख्य प्रशिक्षकाची जागा परदेशी माणसाचीच, हा अलिखित नियम होता. भारतीय माणूस साहाय्यक. जमील २०१९ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये आले ते असेच, अकादमी आणि साहाय्यकाच्या कामासाठी. जानेवारी २०२१ मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नूस यांना क्लबनं काढलं आणि जमील यांना हंगामापुरतं बघायला सांगितलं. संघ रडतखडत चालला होता. जमील यांच्या हाती आल्यावर साखळीतला एकही सामना ते हरले नाहीत आणि त्यांनी उपांत्य फेरी गाठली.  उपांत्य फेरीत एटीके मोहन बागाननं त्यांना हरवलं. त्यानंतर क्लबनं हंगामी हा शब्द काढून टाकला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये जमील आयएसएलचे पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले.

तो पुढचा हंगाम वाईट गेला. अकरा संघांत दहावं स्थान. ही गोष्ट पुस्तकात लपवलेली नाही, मीही लपवत नाही. परदेशी प्रशिक्षकाचा एक हंगाम बिघडला तर त्याचा बायोडेटा घेऊन तो दुसऱ्या क्लबात जातो. भारतीय प्रशिक्षकाचा बिघडला तर लोक म्हणतात, बघा, सांगत नव्हतो का. जमील यांच्या वाट्याला यानंतर खालच्या श्रेणीतला बेंगळुरू युनायटेड हा क्लब आला. आयएसएलमधून तिथं उतरायला त्यांनी कमीपणा मानला नाही.

ही कहाणी एकट्या जमील यांची नाही. गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा पाहा. डेम्पो क्लबच्या सुवर्णकाळातला मधल्या फळीतला खेळाडू, लीगची पाच विजेतेपदं नावावर. २०२० च्या सुरुवातीला एफसी गोवानं सर्जिओ लोबेरा यांना हंगाम संपायच्या आत काढलं आणि संघ हंगामी म्हणून मिरांडांच्या हाती दिला. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरवर ५-० असा विजय मिळवून गोव्यानं साखळीत पहिला क्रमांक घेतला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. एप्रिल २०२३ मध्ये ओडिशा एफसीचे हंगामी प्रशिक्षक म्हणून मिरांडांनी सुपर कप जिंकला. त्याही आधी, २०११ मध्ये, गोव्याचेच सावियो मेदेइरा, साळगावकर क्लबचे मधल्या फळीतले जुने खेळाडू, इंग्लिश प्रशिक्षक बॉब हॉटन गेल्यानंतरच्या पोकळीत राष्ट्रीय संघावर आले आणि डिसेंबरात दिल्लीत दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकून गेले. वर्षभरात त्यांच्या जागी डच माणूस आला. तिघंही मधल्या फळीतले, तिघांनाही जागा मिळाली ती कुणीतरी गेल्यामुळे. हे दोन धागे एकत्र का येतात याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही, पण मला वाटतं, दुसऱ्यानं अर्धवट टाकलेलं काम उचलून पुढे न्यायची सवय मधल्या फळीत खेळणाऱ्याला असते.

आणि खूप मागं गेलं तर हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम भेटतात. पेशानं शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं जिंकली, १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. भारतीय प्रशिक्षकाला जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी या मास्तरांचा इतिहास खोडून दाखवावा. वर्ध्यातल्या, आर्वीतल्या, देवळीतल्या पीटीच्या सरांनी हे प्रकरण आवर्जून वाचावं. आपल्या एखाद्या मुलानं देशासाठी खेळावं ही इच्छा चांगलीच, पण तिची शक्यता थोडी. एखाद्या मुलानं किंवा मुलीनं महासंघाचे प्रशिक्षणाचे परवाने पायरीपायरीनं काढावेत, सी, बी, ए करत आशियाई महासंघाच्या प्रो परवान्यापर्यंत जावं, ही वाट इथूनही निघते. त्या वाटेवर गुडघा निकामी झालेला खेळाडूही चालू शकतो. जमील यांच्या आयुष्यातलं आपल्या जिल्ह्याच्या कामाचं जर काही असेल तर मला ते हे वाटतं.

डिसेंबर २०२३ च्या अखेरीस जमशेदपूर एफसीनं इंग्लिश प्रशिक्षक स्कॉट कूपर गेल्यावर जमील यांना बोलावलं. पुन्हा मोडलेला हंगाम, पुन्हा मधूनच. काही आठवड्यांत संघ सुपर कपच्या उपांत्य फेरीत. २०२४-२५ मध्ये आयएसएलच्या साखळीत पाचवं स्थान, बाद फेरीत नॉर्थईस्टवर विजय, उपांत्य फेरीचा पहिला सामना मोहन बागानविरुद्ध २-१ असा जिंकलेला. परतीच्या सामन्यात कोलकात्यात भरपाई वेळेतल्या एका फटक्यानं अंतिम फेरी हुकली. त्याच वर्षी सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाकडून हार. सलग दोन वर्षं महासंघानं त्यांना वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं. आणि मग तो १ ऑगस्ट.

ज्या दिवशी हे पद मिळालं त्या दिवशी भारतीय फुटबॉलचं घर विस्कटलेलं होतं. आयएसएल चालवणारी कंपनी आणि महासंघ यांच्यातला करार संपत आला होता, नवा होत नव्हता, पुढचा हंगाम अधांतरी लटकलेला. क्लबांनी सराव थांबवले होते, आणि मोहन बागाननं तर राष्ट्रीय शिबिरासाठी खेळाडू सोडले नाहीत. अशा संघाला घेऊन जमील महिन्याभरात मध्य आशियाच्या स्पर्धेला गेले. यजमान ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ नं हरवलं, इराणकडून हरले, अफगाणिस्तानशी बरोबरी झाली. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत समोर ओमान. भारतानं ओमानला त्याआधी कधी हरवलेलं नव्हतं. एका गोलनं मागं पडल्यावर ऐंशीव्या मिनिटाला उदांता सिंगनं बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआऊट ३-२ असा भारतानं जिंकला. पेनल्टी मारणाऱ्यांत मुंबईचा राहुल भेके होता. गुरप्रीत सिंग संधूनं शेवटचा फटका अडवला. कितीतरी दिवसांनी फुटबॉलवाल्यांच्या घरात गोड झालं.

तो आनंद टिकला नाही. ऑक्टोबरात सिंगापूरमध्ये दहा खेळाडूंनिशी १-१ अशी बरोबरी राखली, पण परतीचा सामना मडगावात १-२ असा गमावला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनं १-० नं हरवलं. टीका सुरू झाली, आणि तिच्यातला बराचसा भाग योग्य होता. गोल कुठून येणार, या प्रश्नाचं उत्तर जमील यांच्या पद्धतीत अजून नीट सापडलेलं नाही.

पुस्तकाचं हस्तलिखित ढाक्याच्या सामन्यापाशी संपतं. प्रकाशनाआधी शेवट जरा उजळ करावा, ओमानच्या विजयावर थांबावं, असा एक सल्ला लेखकाला मिळाला होता. मी त्याला विरोध केला आणि लेखकानं माझं ऐकलं. शेवटच्या प्रकरणात ढाक्यातल्या त्या सामन्याचं मिनिटागणिक टिपण आहे. कुठला चेंडू मधल्या फळीत हरवला, कोण परत आलं नाही, बदली खेळाडू केव्हा उतरले, सगळं. मुलांना शिकवणाऱ्यांनी पेन्सिल घेऊन ते वाचावं, आणि आपण त्या कडेला उभे असतो तर कितव्या मिनिटाला काय बदललं असतं ते समासात लिहून ठेवावं.